कधीपासून

आई जिन्याच्या वळणावर थांबली आणि खिडकीतून बाहेर बघू लागली.

"काय दिसतंय गं?" ताईने मागून विचारलं. भाजीची पिशवी तिच्याच हातात होती.

"समोरच्या बाईने चादर वाळत घातलीय. धड पिळलीसुद्धा नाही. कधी वाळायची ती!"

आईने वाक्याच्या मध्येच श्वास घेतला होता. ताईने तो ऐकला आणि उगाचच पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ती हृदयविकाराच्या वॉर्डात नर्स होती. अशा श्वासाचा अर्थ तिला कोणाला विचारावा लागत नव्हता.

"चल, झालं बघून," म्हणत आईने कठडा धरला. वर दारात जावई उभा होता. "काय जावईबापू, लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करता आणि सासूला जिने चढवता!"

"या इमारतीत लिफ्ट असती तर मला घरीही काम लागलं असतं," तो म्हणाला. आई हसली. हसणं संपवायला तिला वेळ लागला.

परदेशातल्या या शहरातल्या रुग्णालयाने ताईला कुशल कामगारांच्या व्हिसावर बोलावलं होतं. तिचा आणि नवऱ्याचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच आला. आईला नंतर आणलं, आणि तिच्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागली. विमा कंपनीचा माणूस फोनवर फार गोड बोलला होता. अचानक उद्भवलेलं दुखणं पहिल्या दिवसापासून आमच्याकडे. बाकीच्या आजारांना महिनाअखेरपर्यंत थांबायचं. पण त्याआधीच ज्याची लक्षणं दिसत होती, असा हळूहळू वाढत आलेला आजार निघाला, तर तो कायमचा वगळला जाईल. तसं झालं की आईचा व्हिसाही वाढवून मिळणार नाही. "आधी काही माहीतच नसेल, तर काळजीचं कारण नाही," असं म्हणून त्याने फोन ठेवला होता.

आईने तिकडची भाड्याची खोली सोडली होती. परत जावं लागलं तर ती कोणाकडे जाणार, हा विषय घरात निघत नसे.

"तू तिच्याकडे बघूच नकोस," नवरा एकदा ताईला म्हणाला होता. "तुझं नुसतं बघणंसुद्धा ते विमेवाले तपासणीत धरतील." दोघंही हसली होती.

त्या दिवसापासून ताई घरात आईच्या पायांकडे बघत नव्हती.

वॉर्डात मात्र बघण्याचाच पगार होता. खिडकीजवळच्या म्हातारीच्या नडगीवर तिने अंगठा दाबून उचलला. त्वचेत खळगा पडला आणि तसाच राहिला. अंगात पाणी साठत होतं. तिने डॉक्टरांना बोलावलं, इंजेक्शन दिलं. दुपारी म्हातारी उशांना टेकून मुलाला खडसावत होती, की चष्मा आणायला सांगितला होता, वर्तमानपत्र नाही. ताईने हात धुतले. नळ बंद करायचं तिला सुचेना.

रविवारी सकाळी आई जावयाच्या चपला घालून स्वयंपाकघरात आली.

"तुझ्या कुठे गेल्या?"

"या मऊ आहेत."

"रात्री खुर्चीत का बसली होतीस?"

"टीव्ही बघत होते."

"टीव्ही बंद होता, आई."

आईने ओट्याला हात टेकला. "मला विचारू नकोस. विमेवाला काय म्हणाला ते मी जावयाकडून काढून घेतलंय. बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही. चार दिवस कळ काढ. महिना संपला की मी आपण होऊन कुरकुर सुरू करते बघ, हे दुखतंय, ते दुखतंय. कान किटतील तुझे."

बोलता बोलता ती थांबली. तिच्या ओठांवर निळसर झाक आली होती. ताईने तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतः फरशीवर बसली.

"पाय दे."

"नाही देणार."

"आई, पाय दे इकडे."

"अगं, चारच दिवस..."

ताईने पाय मांडीवर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबला. मग नवऱ्याला हाक मारून रुग्णवाहिका बोलवायला सांगितली. आई तिच्याकडे बघत राहिली. लहानपणी ताईने भांडं फोडल्यावर बघायची तशी, रागापेक्षा हळहळीने.

रुग्णालयात डॉक्टर तरुण होता, ताईच्या ओळखीचा नव्हता. आईला त्याची भाषा येत नव्हती. त्याने छाती तपासली आणि ताईकडे वळून विचारलं, "हा त्रास कधीपासून आहे?"

"काय म्हणतोय?" आईने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"त्रास कधीपासून होतोय, ते विचारतायत."

"आजपासून म्हण. सकाळी उठले आणि एकदम..." तिला पुढचं बोलवेना. तिने ताईचं मनगट धरलं. "तू जे सांगशील, तेच तो लिहिणार आहे."

ताईला ते ठाऊक होतं. दम एकदम लागला असं कळलं, तर डॉक्टर फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी शोधत बसणार, रक्त पातळ करण्याची औषधं देणार. महिनाभर साचत आलेल्या पाण्यावरचा उपचार वेगळा होता.

"महिना झाला," ती डॉक्टरला त्याच्या भाषेत म्हणाली. "आधी जिन्यात दम लागायचा. मग पायांना सूज आली. आता तिला आडवं होता येत नाही."

"तुम्ही हे आधी पाहिलं होतं?"

"हो."

आई दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती.

"काय सांगितलंस?"

"तू म्हणालीस तेच."

"शहाणी माझी." आईने तिचं मनगट सोडलं. मास्क नीट बसवून घेतला आणि आपलं ऐकल्याबद्दल ती डॉक्टरकडे बघून हसली. डॉक्टर लिहीत होता.