कोपऱ्यातला पत्रा आणि आठ लाल हूक

मी एक जुना पत्रा आहे. खोके बनवणाऱ्या एका कारखान्याच्या छपराचा, अगदी कोपऱ्यातला. मित्रांनो, माझ्याकडून गोड गोड गोष्ट ऐकायला मिळेल असे वाटत असेल, तर आधीच सांगतो, मी कुणालाही माफ केलेले नाही.

मला छपरावर चढवले एका मिस्त्रीने. इतर पत्र्यांना त्याने चार-चार हूक लावले, मला आठ. वर ते आठही लाल रंगवले.

खालून मालक म्हणाला, "मिस्त्री, याचेच एवढे लाड कशाला?"

"कोपरा आहे, मालक. वादळात वारा कडेला आणि कोपऱ्याला जास्त ओढतो. लाल दिसले की कुणी हात लावणार नाही."

पुढे माझ्या बरोबर खाली त्या मिस्त्रीची मुलगी टेबलावर खोके चिकटवू लागली. पंधरा वर्षांत मी तिच्या डोक्यावर थेंबही पडू दिला नाही.

मग आला मालकाचा मेव्हणा. त्याला देखरेखीला नेमले होते, पण कामाचा त्याला गंधही नव्हता. कारखान्यामागे नवी शेड उभी राहताना हूक कमी पडले. त्याने माझे सहा काढून तिकडे लावले आणि माझ्या छातीवर चार दगड ठेवले.

"हत्ती बसलाय असं समजा. आता कुठे जातोय हा!"

मुलगी म्हणाली, "साहेब, बाबा सांगतात, वारा पत्र्याला दाबत नाही, उचलतो."

"तुझे बाबा घरी बसलेत ना? मग बसू दे त्यांना."

तेव्हाच मी मनाशी गाठ बांधली. त्याची कोरी गाडी रोज अंगणात माझ्यासमोर उभी असे. दोन वर्षे मी तिच्यावर डोळा ठेवून होतो.

एका दुपारी ढग गडगडू लागले. अशा ढगातून थंड वारा खाली कोसळतो, जमिनीवर आपटतो आणि चहूकडे सुसाट सुटतो. मेव्हण्याने टेम्पोसाठी मोठा दरवाजा सताड उघडा ठेवायला लावला होता. वारा आत शिरून मला खालून ढकलू लागला, बाहेरचा वारा वरून ओढू लागला. खरे सांगतो, मला आनंद झाला. उरलेले दोन हूक तुटले, मी उडालो आणि थेट गाडीवर जाऊन पडलो. काच फुटली, टप चेपला. बरे झाले!

पण मी छपरावरून सुटलो तेव्हाच माझ्यावरचा एक दगड उघड्या छपरातून आत पडला, मुलीच्या मनगटावर. तिची किंकाळी मला अंगणात ऐकू आली. सूड माझा आणि मार तिला. ती लाज अजून माझ्या अंगावर आहे.

वर चोराच्या उलट्या बोंबा! मेव्हणा ओरडत होता, "म्हाताऱ्यानेच कच्चं काम केलं होतं!"

मिस्त्रीला बोलावले. तो नव्या शेडमध्ये गेला आणि त्याने वर बोट दाखवले. तिथे सहा लाल हूक होते. सगळ्यांनी पाहिले.

"पत्रा बसवून देतो, मालक. पण या कोपऱ्याखाली पोरीचं टेबल नको. मेव्हण्यांचं ठेवा."

मालकाने मुलीचा प्लॅस्टरमधला हात पाहिला आणि मान डोलावली.

मित्रांनो, तुमच्या डोक्यावर पत्रा असेल तर वारा सुटायच्या आधी त्याचे हूक बघा. दगडांवर विसंबू नका. आमची आठवण पक्की असते.

मी आता ठोकून सरळ केलेला, पुन्हा त्याच कोपऱ्यात आहे. ढग गडगडले की खाली मेव्हणा मान वर करून लाल हूक मोजतो. आठ भरतात, तरी पुन्हा मोजतो. तेव्हा मी मुद्दाम थोडा वाजतो.