गोमुखातलं गार पाणी

ऐन वैशाखात दगडी गोमुखातून बर्फासारखं पाणी पडत होतं आणि अख्खं गाव रांगेत उभं होतं. भातकुली तालुक्यातला हा खारपाणपट्टा. इथल्या बोअरच्या पाण्यात ना डाळ शिजते, ना साबणाला फेस येतो. तिथंच आपल्या आश्रमात हिमानंद महाराजांनी हिमगंगा प्रकट केली होती.

"हिमालयातला बर्फ वितळून राहिला," महाराज सांगत. "शास्त्रज्ञ विचारतात, पाणी गेलं कुठं? अरे, माह्या नामजपानं जमिनीखालून इथं आलं. प्या. किडनी धुऊन निघते."

एवढ्या लांबून येताना पाणी वाटेत तापलं कसं नाही, हे कोणी विचारलं नाही. जमुनानंही नाही.

तिचा नवरा सूर्यभान अमरावतीला डायलिसिसला जायचा. डॉक्टरांनी त्याला पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं. उन्हाळाभर तो ओठांवर ओला फडका ठेवून बसायचा. महाराज म्हणाले, मशीन सोड, पोटभर पी. त्यानं गडूभर पाणी घटाघटा संपवलं.

"जमुने, लय दिसानं पोटभर पाणी पेलो," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं सुख पाहून जमुनाचे डोळे भरून आले. रोज ती स्वतः गडू भरून आणू लागली.

आठवडाभरात त्याचे पाय सुजले. "रोग बाहेर पडून राहिला," महाराज म्हणाले.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या नगमा मॅडम शेजारीच राहत. सूज पाहून त्या घाबरल्या. त्यांनी गोमुखाचं वाटीभर पाणी ताटलीत ओतून गॅसवर आटवलं. तळाशी पांढरा थर उरला. जमुनानं बोट लावून चाखलं. खारट, वर थोडं गोड.

"काकू, हे आपल्या बोअरचंच पाणी आहे. त्यात साखर आणि वासाला केवडा घातलाय. इतकं गार असलं की जिभेला खारटपणा नीट कळत नाही. काकांना आत्ताच दवाखान्यात न्या."

जीप अमरावतीला पोचेपर्यंत सूर्यभानला श्वास घेता येईना. त्याच्या फुप्फुसांत पाणी साचलं होतं. तो संध्याकाळी गेला.

तिसऱ्या दिवशी जमुना कुदळ घेऊन गोमुखाकडे निघाली. महाराज मौनात बसला होता. शिष्य आडवा आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मले माह्या माणसाचं पाणी पाहू दे."

ती गोमुखामागची जमीन उकरू लागली. हळूहळू रांगेतलेही हात लावायला आले. फरशीखाली खड्डा निघाला. त्यात भुशात पुरलेल्या बर्फाच्या लाद्या, लाद्यांमधून वेटोळी घातलेली तांब्याची नळी. नळीचं एक टोक गोमुखात, दुसरं आश्रमाच्या बोअरच्या मोटरीला जोडलेलं. महाराज उठून गाडीकडे निघाला, तेव्हा लोकांनी त्याला धरून बसवलं आणि पोलिसांना फोन केला.

"आणि खरंच बर्फाचं पाणी असतं, तरी ते औषध नव्हतं," गर्दीत आलेल्या नगमा मॅडम म्हणाल्या. "दूर पेरू देशात डोंगरांवरचा बर्फ आटून राहिला. खाली दडलेले खडक उघडे पडले, त्यांतून आम्ल आणि धातू ओढ्यांत उतरतात. बर्फाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांनाही पाणी तपासूनच प्यावं लागतं. आपण तर नुसत्या गारव्यावर विश्वास ठेवला."

जमुना मातीच्या ढिगावर बसली होती. "मले कोणी हसा, शिव्या द्या," ती म्हणाली. "पण डॉक्टरची दवा कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. चमत्कार दिसला, त आधी मागची जमीन उकरा. हात मंग जोडा."

गर्दीतून गोदाबाई पुढं आली. तिच्या हातात भरलेली बाटली होती. तिचा पोरगाही डायलिसिस सोडून इथलंच पाणी पीत होता.

"मंग मी त्याले आता काय देऊ वो?"

जमुनानं तिच्या हातून बाटली घेऊन मातीत रिकामी केली.

"काई देऊ नको. त्याले उठव. जीप उभी हाय. मी संग येतो."