चाळीसला दोन टिचक्या

गेलं दीड वर्ष पहाटे गाडीत बसले की माझ्या हातात एक छोटा टॉर्च असायचा. डॅशबोर्डच्या तबकड्यांमागचे बल्ब एकेक करून गेले होते. उरला होता तो पेट्रोलच्या काट्यामागचा, आणि त्याचा उजेडही आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा हिरवट. वेग किती ते अंधारात कळायला मार्गच नाही. म्हणून आमचे हे गाडी चालवायचे आणि मी शेजारी बसून काट्यावर झोत धरायची.

त्यात माझी एक अडचण. उठल्यापासून पहिली प्रार्थना होईपर्यंत मी बोलत नाही. नदीपलीकडच्या प्रार्थनामंदिराचं दार उजाडायच्या आत उघडायचं, फरशी पुसायची, दिवा लावायचा, प्रार्थना म्हणायची आणि मग तोंड उघडायचं. बावीस वर्षं झाली या नेमाला. गुडघ्याने सात किलोमीटरचं चालणं बंद केलं तेव्हापासून हे मला रोज सोडतात. पहिली बस सुटते तोवर ऊन आलेलं असतं. तर आमचं दोघांचं ठरलं होतं: काटा चाळीसच्या पुढे गेला की मी डॅशबोर्डवर दोन टिचक्या मारायच्या आणि ह्यांनी पाय उचलायचा. ह्यांनी चौतीस वर्षं शहराची बस चालवली, एक ओरखडा उठू दिला नाही. त्या माणसाला टिचक्यांवर गाडी हाकावी लागते याचं मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

हे बिंग फुटलं ते लेकामुळे. आमचा लेक हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. एका पहाटे त्याची स्कूटर बिघडली म्हणून तो आमच्याच गाडीत मागे बसला. पूल आला, माझ्या दोन टिचक्या वाजल्या आणि तो पुढे वाकला.

"आई, हे काय चाललंय?"

मी गप्प.

"बाबा, ही टॉर्च का धरून बसलीय?"

"दिवे गेलेत."

"दिवे गेलेत की डोळे?"

"तुला शाळेत नेऊन सोडणारे डोळे आहेत हे," हे म्हणाले. "तेव्हा बरे दिसत होते तुला!"

"बाबा, मी रोज मोडलेली हाडं बघतो. तुमची बघायची नाहीत मला, आणि आईची तर नाहीच." मग तो म्हणाला, "या महिन्याअखेर टॉर्चशिवाय काटा वाचून दाखवा. नाही जमलं तर किल्ली माझ्याकडे द्यायची."

ह्यांची स्टिअरिंगवरची बोटं आवळली. एरवी लेकाला गप्प करायला ह्यांना एक वाक्य पुरतं. त्या दिवशी ते वाक्य आलं नाही. दिवे गेले होते हे खरंच होतं. पण नवे दिवे लावूनही दिसलं नाही तर काय, हा प्रश्न ह्यांच्याही मनात होता, हे मला त्या बोटांवरून कळलं.

आता सुनेबद्दल सांगते. आमची सून घड्याळं दुरुस्त करते. बाजारात जिन्याखाली तिचं एवढंसं दुकान आहे. कुणीही काही विचारलं की तिचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "एक मिनिट हं." म्हणून ह्यांनी तिचं नावच पाडलं, मिनिट. लेकाने घरी येऊन सगळं सांगितलं, तेव्हा तिने डोळ्याचं भिंग वर सरकवलं आणि म्हणाली, "एक मिनिट हं. तबकडी आणि काटा ना? मग ते माझंच काम झालं की! आतले बल्ब काढून एलईडी लावू. रविवारी गाडी सावलीत लावा, बाबा."

"मेकॅनिककडे नको न्यायला?" ह्यांनी विचारलं.

"मेकॅनिक हातोडी घेऊन येईल. मी चिमटा घेऊन येते."

रविवारी सकाळी दहाला ती अंगणात आली ती एका जुन्या पांढऱ्या चादरीसकट. मी कधी कुणाच्या कामाकडे इतका वेळ टक लावून बघितलेलं नाही. आधी तिने बॅटरीची एक तार सोडवली. मग स्टिअरिंगमागची चौकट, चार स्क्रू, मागची फिरती तार आणि वायरींचे दोन जोड सोडवत सोडवत सगळी तबकड्यांची पेटी अलगद बाहेर काढली. निघालेला प्रत्येक स्क्रू तिने पुठ्ठ्यावर चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवला. जेवणाच्या टेबलावर चादर, चादरीवर पेटी. पुढची काच निघाल्यावर दीड वर्ष मी टॉर्चखाली पाहिलेला काटा दिवसाउजेडी समोर आला, आणि किती साधा निघाला! काडीएवढा.

"काट्याला हात लावायचा नाही," ती सासऱ्यांना म्हणाली, कारण ह्यांचं बोट निघालंच होतं. "तो जरासा जरी सरकला तर गाडी चाळीसला पन्नास सांगेल."

"मी फक्त धूळ..."

"धुळीलासुद्धा नाही."

बसच्या डेपोत ज्या माणसासमोर मोठेमोठे साहेब जपून बोलायचे, त्याने बोट मागे घेतलं आणि पाठीमागे हात बांधले. मी ओट्याकडे तोंड वळवून हसून घेतलं.

काळे पडलेले बल्ब तिने पेटीच्या पाठीमागून पाव पाव फिरवून काढले. बॅटरीच्या खुणेमागचा एक तेवढा तसाच ठेवला.

"हा चालू आहे म्हणून?" मी विचारलं.

"नाही आई. यातून जाणाऱ्या विजेवर गाडीचं चार्जिंग जागं होतं. इथे एलईडी लावला तर दिसेल छान आणि गाडी एके दिवशी रस्त्यात बसेल. आणि धोक्याचे लाल दिवे लालच ठेवायचे. त्यात हौस करायची नाही."

मग तिने डबी उघडली. तांदळाच्या दाण्याएवढे दिवे होते, चार रंगांचे. एलईडीला उलटसुलट कळतं. उलटा बसला की रुसून बसतो, सुलटा केला की हसतो. चारही तिने पेटवून दाखवले आणि मला विचारलं, "रंग तुम्ही सांगा, आई. पहाटे रोज तुम्हीच बघणार."

मी निळ्यावर बोट ठेवलं. उजाडायच्या जरा आधी पुलावरून दिसतं ते आभाळ अगदी तसं असतं.

"तुला आवडला ना?" हे म्हणाले. "मग झालं तर."

एलईडीचा उजेड सरळ एका जागी पडतो, त्याचे ठिपके दिसतात. म्हणून तिने प्रत्येक दाण्याचं डोकं बारीक पॉलिश पेपरवर घासलं आणि तबकडीमागे बटर पेपरचा गोल कापून लावला. तीन गोल फेकले, चौथा बसला. दुपारी पेटी गाडीत परत गेली आणि अंधार हवा म्हणून आम्ही तिघांनी डोक्यावरून घोंगडी ओढून घेतली. बाहेर लख्ख ऊन, आत आम्ही तिघं घामेजलेले, आणि समोर निळं तळं उमललं. सगळे आकडे एकसारखे, कुठे ठिपका नाही, कुठे सावली नाही. मिनिटचे केस भिंगाच्या पट्ट्यात अडकले होते, नाकाला काजळी लागली होती. त्या उजेडात मला ती फार सुंदर दिसली.

"दिसतंय का, बाबा?"

"वा! शून्य. अगदी स्पष्ट."

गाडी उभी होती. काटा शून्यावर होता. ते शून्य आम्हा तिघांनाही पुरलं.

सोमवारी पहाटे टॉर्च घरी ठेवला. हे खुशीत होते, शीळ घालत होते. मी निळ्या तबकडीकडे बघत बसले, आणि पुलावर काटा पंचेचाळीस झाला, पन्नास झाला, पंचावन्न झाला. ह्यांची शीळ चालूच. मला वाटलं, दिसतंय तर मुद्दाम मारत असतील जोरात. पण हे तसे नाहीत. मी दोन टिचक्या मारल्या.

हे दचकले. पाय निघाला, शीळ थांबली. तिथून प्रार्थनामंदिरापर्यंत गाडी तीसने गेली आणि हे माझ्याकडे एकदाही बघेनात.

त्या दिवशी माझी प्रार्थना कशी झाली ते मलाच माहीत. बाहेर आले तर हे पायरीवर बसले होते.

"अहो, तुम्हाला काटा दिसत नव्हता."

"धुरकट दिसतो," हे म्हणाले. "निळं सगळं पसरतं. आकडे पाण्यात बुडाल्यासारखे."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"तू किती खूश होतीस! त्या पोरीने दिवसभर मान मोडून काम केलं होतं. आणि..." ते किल्लीकडे बघत राहिले. "आणि म्हटलं, डोळेच गेले असतील तर? वेग कानाने कळतो मला, निभावून नेईन."

"पंचावन्न होते."

"म्हणजे कानही गेले," असं म्हणून ते हसले. घरी गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने किल्ली मिनिटच्या घरच्या कामाच्या टेबलावर, घड्याळांच्या मधोमध ठेवली. लेक मागत असताना न दिलेली किल्ली. मला ते बघवलं नाही, आणि त्यांचं कौतुकही वाटलं.

मिनिटने सगळं ऐकून घेतलं. चिडली नाही, बिचारं वगैरे म्हणाली नाही. कपाळावर हात मारला तो स्वतःच्या. "दुकानात घड्याळ परत देताना मी प्रत्येक गिऱ्हाईकाला वेळ वाचून दाखवायला सांगते. काटे फिरवून फिरवून सांगते. आणि घरच्या माणसाला नुसतं शून्य दाखवलं!" मग म्हणाली, "आधी डोळ्यांचे डॉक्टर. मग दिवे."

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची नुकती सुरुवात आहे, अजून काही करायची गरज नाही. चष्म्याचा नंबर बदललाय. गाडी चालवायला हरकत नाही, दर सहा महिन्यांनी दाखवायला या. निळ्याचं विचारलं तर म्हणाले, या वयात निळा उजेड डोळ्यांत पसरतोच, बऱ्याच जणांचं तसं होतं.

नवा चष्मा यायला नऊ दिवस लागले. तेवढे दिवस लेकाने मला पहाटे मित्राच्या गाडीने सोडलं. पहिल्याच दिवशी त्याचा काटा साठवर गेला आणि माझं बोट आपोआप वाजलं, टक टक.

"आई, माझे दिवे चालू आहेत!"

टक टक.

"बरं बाई," म्हणत त्याने पाय उचलला.

इकडे मिनिट रोज दुकानातून आल्यावर तासभर पेटीशी बसायची. निळे दाणे काढून पिवळसर पांढरे बसवले. आकड्यांमागचा कागद तिने दुहेरी केला आणि काट्यामागचा एकेरीच ठेवला, म्हणजे काटा आकड्यांपेक्षा उजळ दिसावा. उजेड कमीजास्त करायला स्टिअरिंगखाली एक छोटी कळ बसवली. सासऱ्यांना शेजारी बसवून दर वेळी विचारायची, "आता? आणि आता?" हे एकदा म्हणाले, "छान आहे." त्यावर ती म्हणाली, "छान नको, बाबा. आकडा सांगा."

चष्मा आला त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर परीक्षा झाली. खिडक्यांना चादरी लावल्या, वरून घोंगडी. गाडीत या काट्याला चाकांकडून एक फिरती तार येते. तिच्या जागी मिनिटने ड्रिल मशीनला एक चौकोनी खिळा लावून जोडला आणि मशीन लेकाच्या हातात दिलं.

"हवा तसा फिरव. सांगू नकोस."

घर्र आवाज झाला आणि काटा उठला. टेबलावर आमची गाडी पळायला लागली. हे खुर्चीत ताठ बसले होते, गाडीत बसतात तेवढ्याच अंतरावर. मी घोंगडीची कड धरून उभी होते. 

"बत्तीस," हे म्हणाले.

मिनिटने भिंगातून बघितलं. "बत्तीस."

"सत्तेचाळीस. आता उतरतोय... चाळीस. अरे, मुद्दाम हात हलवतोस काय? अडतीस!"

"बरोबर."

लेकाने दहा वेळा वेग बदलला. एकदा मशीन पार बंदच केलं. "शून्य," हे म्हणाले, "आणि आता फसायचा नाही मी." दहाच्या दहा बरोबर. लेक घोंगडीतून बाहेर आला, स्वतःचा चष्मा पुसायच्या निमित्ताने खिडकीशी गेला आणि मग त्याने घड्याळांच्या मधली किल्ली उचलून बापाच्या खिशात टाकली. "सहा महिन्यांनी डॉक्टर. मी घेऊन जाणार."

"तू ने. चालवणार मी."

मी मिनिटजवळ गेले. मला खूप काही सांगायचं होतं. आयुष्यभर नेम पाळूनही जे मन लावणं जमवता जमवता माझ्या नाकी नऊ येतात, ते ही पोरगी चिमट्याच्या टोकाशी रोज सहज करते, असं काहीतरी. तोंडातून निघालं ते एवढंच, "नाकाला काळं लागलंय तुझ्या."

"एक मिनिट हं," म्हणत तिने ते आणखी पसरवलं.

दुसऱ्या पहाटे आम्ही निघालो. टॉर्च पर्समध्ये होता, तो मी काढला नाही. समोर तबकडी शांत उजळलेली, काटा उठून दिसणारा. कोपरा वळलो आणि हे मोठ्याने म्हणाले, "चौतीस!" जरा पुढे गेल्यावर, "छत्तीस! दोन आकड्यांमधल्या बारीक रेघासुद्धा दिसतात, बघ!" पुलावर, "अडतीस! एकोणचाळीस! परत अडतीस!" बसच्या कंडक्टरला लाजवेल असा आवाज. गप्प बसा म्हणायची सोय नव्हती मला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेवटी मी हात पुढे केला आणि डॅशबोर्डवर टिचकी मारली. एकच.

"एक?" हे म्हणाले. "एकीचा अर्थ काय ठरलाय आपला?"

काहीच ठरलेलं नव्हतं. त्यांनी काट्यावरून नजर उचलून रस्त्यावर लावली, आणि गाडी अडतीसवरच ठेवून पुन्हा शीळ घालायला लागले.