भुरीला सोबत

दर रविवारी लेक बापाकडे यायची आणि जेवणं उरकली की दोघांचं बोलणं आटायचं. सुतार मुळातच अबोल, त्यात बायको वेगळी झाल्यापासून तोंडाला कुलूपच लागलेलं. पोर ढलप्यांशी खेळून कंटाळायची, मग आई न्यायला कधी येते ते बघत दारात उभी राहायची.

एकदा ती सहज बोलून गेली, “मला घोड्यावर बसायचंय.” सुतारानं ते मनावर घेतलं.

घोड्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या व्यापाऱ्याचा घोडा दिसायला राजबिंडा आणि अगदी गरीब वाटला, पण खोगीर उतरवल्यावर पाठ घामानं निथळत होती. गिऱ्हाईक यायच्या आधी पळवून पळवून त्याला दमवून ठेवलं होतं. सुतार आल्या पावली परतला.

दुसरी घोडी एका म्हाताऱ्या बाईंची. ठेंगणी, भुऱ्या रंगाची, नावही भुरीच.

“पोरगी पडली तर?” त्यानं विचारलं.

“पडली तर ही थांबते. माझी सगळी नातवंडं हिच्यावरून पडलीत, हिनं पाय म्हणून उचलला नाही.”

सुतारानं तिच्या कानाशी बादली वाजवली, पोटाखालून वाकून पलीकडे गेला. भुरीनं नुसता कान हलवला.

“एकच आहे,” बाई म्हणाल्या. “हिला एकटं राहवत नाही. हिचा जोडीदार गेल्यापासून मीच बसते हिच्यापाशी, पण आता माझ्यानं होत नाही. तुमच्याकडे कोण आहे?”

“मी आहे की,” सुतार म्हणाला.

वर्कशॉपच्या मागे त्यानं स्वतः शेड बांधली. रविवार पालटले. लेक रपेट करायची, खरारा करताना शाळेतलं सगळं सांगायची, आणि आई आली तरी निघायचं नाव घ्यायची नाही.

बाकीचे दिवस मात्र कठीण. सुतारानं पाठ फिरवली की भुरी खिंकाळायची, चाऱ्याला तोंड लावायची नाही. तो ताट घेऊन शेडमध्ये जेवायला लागला. जेवता जेवता तिच्याशी बोलायचा, बायकोशी कधी बोलला नव्हता इतकं. पण दारं-खिडक्या बसवायला बाहेर जावंच लागे. “दिवसभर ओरडत असते हो बिचारी,” शेजारीण सांगायची. हळूहळू भुरीच्या बरगड्या दिसायला लागल्या.

लेकीनंही ते पाहिलं. “बाबा, आमच्या घराजवळ तबेला आहे. खूप घोडे आहेत तिथे. भुरीला तिथे ठेवू या ना. मग मला रोज बसता येईल.”

सुतारानं तिच्याकडे पाहिलं. रोज बसता आलं की रविवारी इथं कशाला यायचं, हे तिच्या गावीही नव्हतं.

“बघू,” तो म्हणाला. आज-उद्या करत त्यानं बरेच दिवस काढले. शेवटी भाड्याच्या टेम्पोतून भुरीला स्वतःच घेऊन गेला.

उतरताच भुरीनं मान वर करून हाक दिली. एक म्हातारा घोडा कुंपणाशी आला. दोघं एकमेकांची मान खाजवू लागली. दोरी सोडली तेव्हा भुरीनं मागे वळूनही पाहिलं नाही. सुताराला बरं वाटलं, आणि ते सोसवेनाही.

सुरुवातीला लेक रविवारी यायची. मग फोन आला. “बाबा, या रविवारी तबेल्यात शर्यती आहेत. पुढच्या वेळी येऊ?”

“ये की. सावकाश ये.”

एका संध्याकाळी काम लवकर आटोपून तो तिकडे गेला. लेक रिंगणात होती, पाठ ताठ, लगाम सैल, मैत्रिणींशी हसत बोलत. पडायची भीती कुठल्या कुठे पळाली होती. हाक मारली असती तर ती धावत आली असती, हे त्याला ठाऊक होतं. तो रस्त्यापलीकडच्या झाडाखालीच उभा राहिला. अंधारून आलं, पोरी घोडे आत घेऊन गेल्या, तसा तो बसस्टॉपकडे चालू लागला.