मशीनला उठवणारा

सोमवारी सकाळी आमच्या सुनेने, हेमांगीने, चहाला हात लावला नाही, तेव्हाच मी ओळखलं की बँकेच्या त्या मशीनने काहीतरी बवाल केला. हरिशंकरपुरमच्या आमच्या घरात बसूनच ती नोकरी करते. मशीनला मेनफ्रेम म्हणतात. दूर कुठेतरी उभं आहे, बँकेचा सगळा व्यवहार त्याच्या पोटात, आणि त्याचा कारभार बघते ती ऑपरेटिंग सिस्टिम. एवढं ऐकून ऐकून पाठ झालंय. मी चौथी पास असेन, बहिरी नाही.

रविवारी जुनं मशीन काढून नवं लावलं. सिस्टिम पूर्ण नव्यात नेली म्हणाले. पण हेमांगीने मागे लिहिलेला एक छोटा प्रोग्राम जुन्यातच राहिला. मशीन सुरू झालं की तो बाकीच्यांना एकेक करून उठवायचा. तो नाही, म्हणून कोणीच उठलं नाही. बँकेच्या शाखा ठप्प.

"आई, माझ्यावर आलं तर नोकरी गेली," ती म्हणाली, तोच तिच्या साहेबाचा, सुश्रुतचा, फोन. आवाज सगळ्या खोलीत.

"हेमांगी, मशीनवाल्या कंपनीच्या डब्यातून आलं तेवढंच सिस्टिम. तुमचा प्रोग्राम त्यात नव्हता. तो न्यायला सांगणं तुमचं काम. वर तुमचंच नाव द्यावं लागेल."

"सर, सगळे त्याला सिस्टिमच समजत होते, म्हणून तर कोणी विचारलं नाही!"

मला राहवेना. "सुश्रुत, हे तर आमच्या महिपतरावांसारखं झालं."

"नमस्ते काकू. कोण महिपतराव?"

"माझे धाकटे दीर, शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजीऱ्याला असतात. आमच्या मुलाच्या, उत्कर्षच्या, लग्नात साऱ्या लष्कर भागात अक्षत दिली, त्यांना नाही. घरच्यांना कोण देतं अक्षत? ते बसले रुसून. वरातीची घोडी त्यांचीच, ती त्यांच्याशिवाय पाऊल टाकेना, आणि ही हेमांगी मांडवात ताटकळत. टेम्पो पाठवून आणलं त्यांना. ज्याला सांगायचं राहिलं, तोच घरचा होता."

सुश्रुत हसला. "काकू, वरात तर बँडशिवायही निघत नाही, मग बँडवालाही घरचा!"

मेला बोलण्यात हुशार.

पण हेमांगी खुर्चीत ताठ झाली. "नाही सर. बँडवाला नसता तरी लग्न लागलं असतं. माझे दुसरे, पावत्या काढायचे प्रोग्राम नसले तर पावत्याच अडतात. हा नसला तर तुमच्या डब्यातलंसुद्धा उठत नाही, आज दिसलं ना? मग सिस्टिम कशावरून ठरवायची? कोणी पाठवलं यावरून, की कोणाशिवाय चालत नाही यावरून?"



"ठीक आहे," सुश्रुत म्हणाला, "सिस्टिममध्ये धरतो. चूक नेणाऱ्यांची. लेकिन फिर वो सिस्टिमवाल्यांकडे जाईल. यापुढे तुम्ही त्याला हात लावायचा नाही."

"घ्या," हेमांगी म्हणाली, आणि फोन ठेवून रडायला लागली.

"नोकरी राहिली ना? मग आता काय झालं?"

"आई, माझा होता तो."

"अगं, अडला की फोन कोणाला करतील? तुलाच ना?" मी चहा परत गॅसवर ठेवला. "फक्त महिपतरावांसारखी रुसून बसू नकोस. इथे टेम्पो पाठवायला त्यांना लांब पडेल."