मरळीचा दात

मी एक जुना गळ आहे. काठी, दोरी आणि टोकाचा आकडा, सगळं मिळून लोक मला गळच म्हणतात. माझं अंग भोरच्या डोंगरातल्या भरीव बांबूचं. दौंडच्या चांदभाईंनी मला चुलीच्या धगीवर शेकून सरळ केलं, जवसाचं तेल पाजलं आणि भीमेच्या काठाला कामाला लावलं.

मित्रांनो, माझ्या उमेदीत भीमेत माणसाएवढी मरळ मासळी होती. एकदा ती माझ्या आकड्याला लागली. मी वाकलो तो असा, की चांदभाई दौंडात आणि माझं टोक पलीकडं श्रीगोंद्याच्या हद्दीत! शेवटी दोरी तुटली, मरळ गेली. यात थाप एवढीशीही नाही. पण काठीच्या साक्षीला विचारतो कोण?

चांदभाईंवरही कुणी विश्वास ठेवला नाही. त्यांचे जुने दोस्त शिरूरचे पोपटराव चारचौघांत विचारायचे, "काय चांदभाई, आज किती फुटानं वाढली मरळ?" लोक हसत. चांदभाईही हसत. पण घरी येताना त्यांची मूठ माझ्यावर घट्ट आवळलेली असे.

यंदा ज्येष्ठात पोपटराव मोबाईल नाचवत आले. "चला, थायलंडला! तिथल्या तळ्यात माणसाएवढालं मासं हायती. पुढच्या महिन्यात ऑफ सीझन, समदं निम्म्यात. धरा एक, मी फोटो काढतो. परत कवा थापाड्या म्हटलं तर मिशी उतरवीन!"

गोष्ट मिशीवर आली, तसे चांदभाई उठलेच. पासपोर्ट आले, बॅगा भरल्या. पण विमानात नऊ फुटी काठी चालेना.

"नवा रॉड घेऊ की," पोपटराव म्हणाले.

"न्हाई. साक्षीदार ह्योच."

"मग कापा मधोमध. तिथं नळी घालून जोडू."

मित्रांनो, जोडलेली काठी मोठा मासा पहिल्याच हिसड्याला ओळखतो. चांदभाईंनाही ते ठाऊक होतं. पण जन्माचा डाग धुऊन निघणार होता. त्यांनी मला अंगणातल्या बाजेवर आडवं दाबून धरलं आणि तोंड फिरवलं. पोपटरावांनी करवत लावली. खर्र... भुसा उडाला. खर्र... तेल प्यालेलं माझं अंग कण्हलं. करवत नखभर आत आली.

चांदभाईंच्या घरच्या सुलतानबी दारात मिरच्या निवडत होत्या. "भावजी, ऑफ म्हंजी काय वो? कंपनीत आठवड्याचा आसतो, तसा?"

"तसाच म्हणा."

"कुणाला ऑफ? माशास्नी?"

"न्हाई वो, गिऱ्हाइकास्नी!" पोपटराव हसले. "तिकडं बी आता पाऊसच. म्हणून तर गर्दी न्हाई."

"पाऊस?" चांदभाईंची मान वळली. "मग मासा गाभोळीचा आसंल."

आमच्या काठाला जुना रिवाज आहे. आषाढात मासा पोटात अंडी घेऊन पाण्याविरुद्ध चढतो. तेव्हा गळ आढ्याला टांगायचा. चांदभाईंनी हा रिवाज कधी मोडला नव्हता.

"आवो, तिथं खातंय कोण? धरायचा, फोटो काढायचा, सोडायचा!"

"पोटुशी बाई जिन्यावरनं फरफटत न्यायची, आन् वर म्हणायचं सोडली की?"

पोपटरावांचा हात थांबला. त्यांची लेक अपेक्षा सातव्या महिन्यात माहेरी आलेली होती. करवत माझ्यात रुतलेली. पुढचा झटका बसतो का टळतो, मी श्वास धरून होतो.

"मग जन्मभर थापाड्याच ऱ्हाताल," पोपटराव हळूच म्हणाले.

"ऱ्हाईन."

करवत निघाली. थायलंड बारगळलं. चांदभाईंनी माझ्या जखमेवर दोरा गुंडाळला, तोही सैलसर. खाच तेवढी दिसत राहिली.

दसरा झाल्यावर आम्ही नदीवर निघालो, पोपटरावही सोबत होते. चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, "चांदभाई, काठीला ही खाच कसली?" चांदभाईंनी मान खाली घातली. लोक हसायच्या तयारीत.

तेवढ्यात पोपटरावांनी मिशीवर हात ठेवला. "त्यो मरळीचा दात हाय. म्या सोता बघितलाय."

त्या दिवशी कुणी हसलं नाही. चांदभाईंची माझ्यावरची मूठ सैल पडली.

मित्रांनो, मी गळ आहे. गळ घालणं हाच माझा धंदा, म्हणून तुम्हालाही एवढीच गळ घालतो: आषाढात माशांना ऑफ द्या. आणि कधी दौंडला आलात, तर माझ्या खाचेत बोट घालून बघा. दात अजून टोचतो.