पाच चुण्या

मास्तरांनी शर्ट टेबलावर आपटला, तेव्हा इस्त्रीवाल्याने तापलेली इस्त्री उभी ठेवली आणि मान खाली घातली.

"अर्ध्या तासापूर्वी घरी आला, आणि ऐन छातीवर चुण्या! पंधरा दिवसांत ही तिसरी खेप. तुमच्या हाताला झालंय काय?"

"माझ्या नाही, हिच्या हाताला," इस्त्रीवाल्याने कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या बायकोकडे पाहिले. कपडे घरोघरी पोचवण्याचे काम तिचे होते. "दोनदा ओरडलो, पण ऐकेल तर शपथ!"

"तुम्हीच चढून बघा ते चार मजले," ती पुटपुटली. "त्या इमारतीचे जिने हल्ली वाढलेत."

आणि तिने रुमाल जबड्याला दाबून धरला. सकाळपासून तिची दाढ ठणकत होती.

चुण्या वाचणे हा इस्त्रीवाल्याच्या तीस वर्षांच्या व्यवसायातील अभिमानाचा विषय होता. कोण खुर्चीत कलंडून बसतो, कोण कोपर टेकून जेवतो, हे तो कापडावरून बिनचूक सांगत असे. मागील दोन वेळा मात्र त्याने रागाच्या भरात पाणी शिंपडून सरळ इस्त्री फिरवली होती. वाचले काहीच नव्हते. आज त्याने शर्ट उजेडात धरला. पाच चुण्या एकाच ठिकाणी येऊन मिळत होत्या. त्याने त्यांवर आपली मूठ ठेवून पाहिली. ती मोठी पडली; शर्ट आवळणारी मूठ लहान होती.

"कुठे थांबली होतीस?"

"दुसऱ्या मजल्यावर. दाढ ठणकली म्हणून."

"दाढ ठणकली, तर शर्ट छातीशी का आवळलास?"

इस्त्रीपासून दूर बसूनही तिचे कपाळ घामाने डवरले होते.

"तसं दुखत नाही हो," ती अखेर म्हणाली. "छातीवर कुणीतरी येऊन बसतं. जरा थांबलं की उठून जातं."

"आणि आज?"

"आज उठत नाहीये."

"मास्तर, गाडी बोलवा!"

"अहो, दाढेसाठी एवढं काय? गिऱ्हाइकं खोळंबतील."

"खोळंबू देत. तू जागची हलू नकोस."

इस्त्रीचे बटण बंद करण्याचे त्याला आयुष्यात प्रथमच भान राहिले नाही. ते मास्तरांनी बंद केले.

रुग्णालयात तिला चाकांच्या खाटेवरून आत नेण्यात आले. दार मिटले. बऱ्याच वेळाने परिचारिका बाहेर आली.

"हार्ट अटॅकच आहे, काका. पण वेळेत आणलंत, उपचार सुरू झालेत. डॉक्टर विचारतायत, पहिल्यांदा त्रास कधी झाला?"

इस्त्रीवाल्याने खाली पाहिले. मास्तरांचा शर्ट त्याच्या हातातच राहून गेला होता. त्याचा तळवा सवयीने चुण्यांवरून फिरू लागला होता, तो त्याने मागे घेतला.

"पंधरा दिवसांपूर्वी."

"नक्की?"

"नक्की," तो म्हणाला. "त्याच दिवशी मी तिला पहिल्यांदा ओरडलो."